उपयोगाचं नंतर बघू

पुण्यात ‘हो, पण त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारायला कुठलीही पात्रता लागत नाही. रिक्षावाला विचारतो, होणारे सासरे विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. ‘मी पीएचडी करतोय’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ‘कशात?’ असा असतो, दुसरा हा असतो आणि तिसरा ‘अजून किती वर्षं?’ असा असतो. एवढं झालं की विचारणारा वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागतो. कारण हा संवाद बहुतेक वेळा लग्नाच्या पंगतीत चाललेला असतो आणि जिलबी पुढे निघून जात असते.

बाहेरच्यांनी विचारलं तर त्यात नवल नाही. पण हा प्रश्न सर्वांत तळमळीनं विचारतात ते खुद्द संशोधक, आणि तो नेहमी शेजारच्या विभागाबद्दल असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचे थर मोजता मोजता ज्याच्या डोक्यावरचे केस गेले, असा भूशास्त्रज्ञ कॅन्टीनमध्ये भजी खाताना म्हणतो, ‘‘त्या पालीवाल्यांना ग्रँट कशाला लागते हो? सगळं तर लिहून झालंय.’’ पालीवाल्यांना गांडुळांवर काम करणाऱ्या बाईंची काळजी वाटते. गांडूळवाल्या बाईंच्या मते खरा अपव्यय अवकाशात चाललाय : ‘‘जिथे जायचंच नाही तिथलं मोजून काय करायचं?’’ खगोलवाले ‘अर्थशास्त्र’ म्हणताना ‘शास्त्र’पाशी जरा खोकतात. अर्थशास्त्रवाले मराठी विभागाबद्दल काही बोलत नाहीत, नुसते हसतात. मराठी विभाग मात्र सगळ्यांबद्दल बोलतो. संख्याशास्त्रवाला तेवढा कुणाच्या विषयाला नावं ठेवत नाही. तो सगळ्यांना एकच सांगतो, ‘‘सॅम्पल लहान आहे.’’

आणि स्वतःच्या विषयाचा उपयोग सांगता येत नसेल तर त्यासाठी एक भारदस्त शब्द तयार असतो. दुसऱ्याचं ते निरुपयोगी, आपलं ते मूलभूत.

पुण्यात ही सगळी माणसं एकमेकांना खेटून राहतात, म्हणून हा खेळ इथे जास्त रंगतो. पावसाळ्यात मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांना राहायला गणेशखिंडीत जो वाडा बांधला होता, तिथे १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं. आज त्या आवारात एका बाजूला आकाशगंगांचा हिशेब चालतो आणि दुसऱ्या बाजूला ललित कला केंद्रात कुणीतरी षड्ज लावत बसलेलं असतं. तिथून लॉ कॉलेज रस्त्याकडे वळलात की दाटी आणखी वाढते. भांडारकर संस्थेत पोथ्या, गोखले संस्थेत दारिद्र्य, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमा आणि आघारकर संस्थेत सोयाबीन. ही आघारकर संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांच्या नावाची, आणि ती आहे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर. पत्ता सांगणाऱ्याला आपण अडखळतोय असं वाटतं आणि ऐकणाऱ्याला आपल्याला दोनदा सांगितलं असं वाटतं.

गोखले संस्था निघाली १९३० मध्ये. धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञानं सुरुवातीच्या काळात हातात काय घेतलं असेल, तर पुण्यात फळं कशी येतात आणि कशी विकली जातात याची पाहणी. ती १९३३ साली छापून निघाली. मंडईत जाऊन आंब्याचा भाव विचारायचा आणि काही न घेता परत यायचं, ही पुण्याची जुनी परंपरा. पण परत येऊन त्याचं पुस्तक करणारा माणूस विरळाच.

‘उपयोग काय?’ या प्रश्नासमोर सर्वांत निर्धास्त बसलेली माणसं मात्र येरवड्याला आहेत. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाला हात घातला. बेत साधा होता. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ घ्यायचे, त्यांतला शब्द न् शब्द चिठ्ठीवर उतरवायचा आणि तो कधी, कुठे, कोणत्या अर्थानं आला हे कालक्रमानं मांडायचं. नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यातच दोन दशकांहून अधिक काळ गेला. त्या भरल्या एक कोटीच्या घरात. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. त्यानंतर एकामागून एक असे पस्तीसच्या आसपास भाग बाहेर पडले, पानं हजारांनी झाली आणि कोश अजून ‘अ’मध्ये आहे. बालवाडीतली मुलं ‘अ अननसाचा’ उरकून दुसऱ्या मिनिटाला ‘आ आईचा’कडे जातात, इथे संपादकांच्या पिढ्या ‘अ’वर निवृत्त झाल्या.

यात आळस नाही बरं का. संस्कृतात ‘अ’ हे नकाराचं अक्षर आहे. कुठल्याही चांगल्या चालत्या शब्दाच्या पुढे ते बसवलं की त्याचा नकार तयार होतो, आणि ते सगळे नकार ‘अ’च्या खात्यात जमा होतात. नकाराचं दालन केवढं मोठं असू शकतं, हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. आणि ‘उपयोग’ हा शब्द येतो ‘उ’मध्ये. तेव्हा त्याचा विचार क्रमानं होईल. घाई असेल त्यांनी दुसरा कोश बघावा.

भांडारकर संस्थेनं त्या मानानं गडबडच केली. १ एप्रिल १९१९ रोजी (तारखेला हसू नका) महाभारताची चिकित्सक आवृत्ती सुरू झाली आणि १९६६ मध्ये ती चक्क पूर्ण झाली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या १,२५९ पोथ्या मिळवल्या. लिपी प्रत्येकीची निराळी, हस्ताक्षर निराळं, आणि नकलून घेणाऱ्या प्रत्येक शास्त्रीबुवांना आपण व्यासांना थोडी मदत करावी असं कुठे ना कुठे वाटलेलं. कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागाहून घुसलेला, हे ठरवायचं. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखठणकर हे आधी केंब्रिजला गणित शिकलेले. तिथून ते संस्कृतकडे वळले आणि पोथ्यांच्या वंशावळी लावत बसले. गणित शिकलेला माणूस पुढे काय करेल याची शाश्वती नसते, ती अशी.

या उद्योगातून जे निघालं ते मला फार थोर वाटतं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही गोष्ट आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. सुखठणकरांनी पोथ्यांचा पुरावा तपासला, ती कथा मागाहून आलेली ठरली आणि तिची रवानगी आदिपर्वाच्या परिशिष्टात झाली. म्हणजे ज्या शहरात दहा दिवस रस्ते बंद करून गणपती बसतो, त्या शहरात, मिरवणुकीच्या ढोलांचा आवाज पोचेल एवढ्या अंतरावर, चार विद्वानांनी गणपतीला मुख्य मजकुरातून उचलून मागच्या पानांत बसवलं आणि शहराला पत्ता लागला नाही. जाडजूड ग्रंथ कुणी वाचत नाही, अशी तक्रार प्राध्यापक मंडळी नेहमी करतात. त्याचे फायदेही असतात.

पुणे जिल्ह्यातलंच नारायणगाव बघा. हे तमाशाचं गाव, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं. जत्रांच्या हंगामाआधी फडमालक इथे राहुट्या लावतात आणि गावोगावची मंडळी सुपारी ठरवायला येतात. त्याच नारायणगावाजवळ, खोडदला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रेडिओ दुर्बीण उभी केली. दुर्बीण म्हणजे नळकांडं नव्हे. तीस तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर, आणि पसारा पंचवीस किलोमीटरपर्यंत, द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या शेतांमधून. तबकडीला भरीव पत्रा नाही, ताणलेल्या तारांची जाळी आहे. त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही आटोक्यात राहतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की आसपास विजेचा नि रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा हवी होती. ती तमाशाच्या गावाशेजारी सापडली.

आता ढोलकी कितीही कडाडली तरी या दुर्बिणीला ती ऐकू जात नाही, कारण आवाज वेगळा आणि रेडिओलहर वेगळी. तिला त्रास होतो तो मोबाइलचा. म्हणजे शास्त्रज्ञांची फडाला हरकत नाही. हरकत असलीच तर ती कनातीबाहेर येऊन घरी फोन लावणाऱ्या आणि ‘मीटिंग लांबली’ असं सांगणाऱ्या रसिकाला आहे. अशा रसिकांच्या गर्दीतूनही या तबकड्यांनी एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली खूण पकडली. २०२३ च्या सुरुवातीला ते जाहीर झालं. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जत्रेसारखी गर्दी होते. शाळांच्या सहली येतात, आसपासचे शेतकरी येतात. ‘‘यावरून पाऊस कळतो का?’’ असं कुणीतरी विचारतंच. ‘‘नाही’’ म्हटल्यावर माणसं हळहळतात. स्वतःसाठी नव्हे, दुर्बिणीसाठी. एवढं मोठं करून ठेवलंय आणि पाऊस कळत नाही!

विषय एकमेकांपासून दूर राहतात तोवर सगळं शांत असतं. ते एकत्र आले की काय होतं, याचा नमुना २००८-०९ मध्ये बघायला मिळाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ज्योतिषांची रीतसर चाचणी घ्यायचं ठरवलं. दोनशे मुलांच्या पत्रिका केल्या. त्यांतली शंभर मुलं अभ्यासात चमकणारी, शंभर मतिमंद. कोणती पत्रिका कुणाची हे ज्योतिषानं सांगायचं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. एकावन्न ज्योतिषी तयार झाले, सत्तावीस जणांची उत्तरं आली आणि बरोबर उत्तरांची सरासरी पडली ४६ टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास मिळाले असते. म्हणजे नाण्याचा व्यासंग थोडा अधिक निघाला. संख्याशास्त्रानं निकाल लावला तो असा. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. एकावन्नातल्या ज्या चोवीस जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत, त्यांना पुढे काय होणार हे अगदी बरोबर कळलं होतं. त्यांची गणना कुणी केली नाही.

निरुपयोगी वाटणाऱ्या संशोधनाला हल्ली बक्षीसही मिळतं. अमेरिकेत ‘इग नोबेल’ नावाचा प्रकार आहे : आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या कामाला हा सन्मान देतात. २००२ चं गणिताचं इग नोबेल केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघा संशोधकांना मिळालं. विषय : भारतीय हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ. हत्तीची उंची मोजा, पुढच्या पावलाचा घेर मोजा, सूत्रात घाला, क्षेत्रफळ हजर. हसण्याआधी एक करा. हत्तीला टेप लावून, सोंडेसह आणि कानांच्या मागून-पुढून, अंगाचं क्षेत्रफळ प्रत्यक्ष काढायला जा. परत आलात की त्या सूत्राचा उपयोग तुम्हीच सांगाल. त्याच्या आदल्या वर्षी बंगळुरूच्या दोघा मानसोपचारतज्ज्ञांना सार्वजनिक आरोग्याचं इग नोबेल मिळालं होतं, शाळकरी मुलं नाकात बोटं किती घालतात या अभ्यासाबद्दल. घातली नाहीत असं सांगणाऱ्यांबद्दल संशोधकांना काय वाटलं असेल, याची मला उत्सुकता आहे.

आता इतके विषय म्हटल्यावर प्रबंधांच्या नावांत वैविध्य असेल अशी तुमची समजूत होईल. ती चूक आहे. कविता असो, कांदा असो की सहकारी पतपेढी, शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असतंच. नसलं तर ‘तौलनिक अभ्यास’ असतं, आणि गाईड फारच सावध असतील तर ‘चिकित्सक आणि तौलनिक’. मग कंसात काळ येतो, कारण काळ आखला नाही तर समिती विचारते. मग ‘विशेष संदर्भ’ येतो, आणि तो संदर्भ म्हणजे बहुधा तालुका असतो. तालुका हे आपल्याकडच्या संशोधनाचं खरं एकक आहे. जिल्हा घेतला तर एसटीचा खर्च परवडत नाही, गाव घेतलं तर दीडशे पानं भरत नाहीत. शिवाय गाईडचं गाव ज्या तालुक्यात असतं त्या तालुक्यात संशोधनाच्या संधी नेहमी जास्त आढळतात. प्रश्नावल्या वाटता वाटता गाईडच्या घरी तांदळाचं पोतंही पोचवता येतं.

तालुक्याला हसावं तर इनामगाव आडवं येतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून वर्षानुवर्षं खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं खेडं बाहेर काढलं. लहान मुलं गेली की त्यांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना त्याची पावलं घोट्यापासून तोडत; गेलेला उठून चालू लागू नये, असा त्याचा एक अर्थ लावतात. ते काय खात, कोणती पिकं घेत, पाऊस कमी होत गेल्यावर त्यांचे कसे हाल झाले, हे सगळं कोळशाच्या तुकड्यांवरून नि हाडांवरून मांडलं. आजच्या पद्धतीनं शीर्षक द्यायचं तर काही अडचण नाही : ‘मृत व्यक्तींची पावले : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : शिरूर तालुका)’. समितीनं फक्त विचारलं असतं, प्रश्नावल्या कुणाकडून भरून घेणार?

या सगळ्या भिंती न मानणारी माणसं आपल्याकडे झाली, हे मात्र कबूल करायला हवं, आणि ती झाली म्हणून आजच्या विभागप्रमुखांची फार पंचाईत होते. इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांना कवट्या मोजायचं काम मिळालं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर ठरतो, असं काहीसं गाईडसाहेबांच्या मनात होतं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसं काही नाही, असं लिहून दिलं. गाईडच्या मनाविरुद्ध निष्कर्ष काढूनही त्यांना १९३० मध्ये पदवी मिळाली. आज असं करून दाखवावं कुणी! पुढे डेक्कन कॉलेजात येऊन त्यांनी माणसांची डोकी मोजली, नातेसंबंधांचे नकाशे काढले, आठवडी बाजारांचा अभ्यास केला, कोयना धरणानं उठवलेल्या माणसांच्या मागे जाऊन त्यांचं काय झालं ते विचारलं, आणि ती गणपतीला परिशिष्टात पाठवणारी आवृत्ती पुढ्यात ठेवून ‘युगान्त’ लिहिलं. या सर्व ठिकाणी जाण्यासाठी त्यांच्याकडे स्कूटर होती. बाईंना विभाग विचारला असता तर त्यांनी कोणता सांगितला असता, कोण जाणे.

पण खरा घोटाळा केला तो दामोदर धर्मानंद कोसंबींनी. जन्म १९०७, गोव्यातला. वडील धर्मानंद पालीचे जगप्रसिद्ध पंडित. मुलगा हार्वर्डहून गणित शिकून आला, फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला आणि मग त्याचा पाय कुठल्याच विषयात ठरेना. संख्याशास्त्राचा सराव करायला काहीतरी मोजायला हवं, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली. नाणं जितके हात बदलतं तितकं झिजतं. तेव्हा झिजेवरून ते किती काळ फिरलं हे सांगता येईल, असा त्यांचा हिशेब. तो तपासायला त्यांनी चालू चलनातली नाणीही हजारोंनी तोलली. नाणी कुणाची, हे कळायला इतिहास हवा. इतिहासाला संस्कृत हवं. म्हणून भर्तृहरी घेतला, पोथ्या जमवल्या आणि १९४८ मध्ये त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीच काढून टाकली. संध्याकाळी माणसं टेकडीवर फिरायला जातात. हे गेले की खिशात दगडाची हत्यारं घालून परत यायचे. मध्येच १९४४ मध्ये जनुकशास्त्रात एक सूत्र दिलं, ते त्यांच्या नावानं आजही वापरतात, आणि वापरणाऱ्या अनेकांना हा माणूस भर्तृहरीचा संपादक होता हे माहीत नसतं. भर्तृहरीवाल्यांना जनुकांचं माहीत नसतं. दोन्हीकडच्यांना वाटतं, हे कुणी दुसरे कोसंबी असावेत.

बरं, थट्टेचंही वावडं नाही. १९३१ च्या सुमारास त्यांनी ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार’ अशा थाटाचा लेख छापला. बुर्बाकी नावाचा कुणी रशियन गणिती असल्याचं त्यात म्हटलं होतं. तो नव्हताच. नंतर काही फ्रेंच गणित्यांनी त्याच नावाखाली एकत्र लिहायला सुरुवात केली आणि बुर्बाकी जगप्रसिद्ध झाला. उत्तरायुष्यात गणितातलं सर्वांत अवघड मानलं गेलेलं, मूळ संख्यांबद्दलचं रीमानचं कोडं सोडवल्याचा दावा त्यांनी केला, तो छापला कुठे, तर शेतीच्या संख्याशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात, १९५९ मध्ये. ज्वारीच्या एकरी उताऱ्याशेजारी मूळ संख्या! तो दावा काही टिकला नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नोकरीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई ये-जा केली. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही. मग त्यांनी ‘एस. डुक्रे’ हे टोपणनाव घेऊन गणिताचे लेख लिहिले. ते कोण, कुठल्या विभागाचे, हे विचारायला कुणी आलं असेल असं वाटत नाही.

हा माणूस आज सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला आला, तर मला त्या निवड समितीची दया येते. बाहेर बाकावर साठ उमेदवार फायली मांडीवर घेऊन बसलेत. आत टेबलावर काजू आहेत. कोसंबी खुर्चीत बसतात, कपाळावर आठी, हातात छोटा तराजू. अध्यक्ष फाइल उघडतात.

‘‘एमए, एमएस्सी काही दिसत नाही. नुसती बीए? हार्वर्डची आहे म्हणता, पण समकक्षता प्रमाणपत्र लागेल. पीएचडी? नाही. नेट? सेट? बरं, पेट तरी?’’

विषयतज्ज्ञ क्रमांक एक चष्मा सरसावतात. ‘‘जाहिरात गणिताची आहे. आपले निम्मे लेख नाण्यांवर आहेत. नाणी संबंधित विषयात येत नाहीत.’’

विषयतज्ज्ञ क्रमांक दोन मोबाइलमध्ये यादी चाळतात. ‘‘हा शेतीच्या मासिकातला लेख... गणिताच्या मान्यताप्राप्त यादीत हे मासिक दिसत नाही. आणि या बुर्बाकींचा संदर्भ आम्ही पुष्कळ शोधला. सापडला नाही. संदर्भसूचीत असा गैरप्रकार असेल तर गुण कापावे लागतात.’’

कुलगुरूंचे प्रतिनिधी आतापर्यंत काजू खात होते. ते म्हणतात, ‘‘संस्कृत विभागात एक जागा निघते आहे, तिकडे का नाही प्रयत्न करत?’’ संस्कृत विभागात फोन जातो. तिकडून उत्तर येतं, हे गणिताचे आहेत. इतिहास विभाग विचारतो, यांनी उत्खननाची परवानगी घेतली होती का. टेकडीवरचे दगड घरी नेले म्हणे. प्राणिशास्त्र विभाग विचारतो, जनुकं वनस्पतीची की प्राण्याची, तेवढं सांगा, मग जागेचं बघू. पुरातत्त्ववाले जागा नाही म्हणतात, पण व्याख्यानाला जरूर बोलावू. मानधन नाही, चहा असेल.

शेवटी कारकून इतिवृत्तात लिहितो : ‘योग्य उमेदवार आढळला नाही. पद रिक्त ठेवण्यात येत आहे.’ आणि बाहेर पडताना विभागप्रमुख कोसंबींना जिन्यात गाठून, आवाज खाली आणून सांगतात, ‘‘सर, वाईट वाटून घेऊ नका. तासिका तत्त्वावर जूनपासून या. गणिताचे चार तास देतो, संस्कृतवाल्यांशी बोलून तिकडचे दोन मिळवून देतो. बिलं मार्चनंतर निघतात. आणि तेवढी ती नाणी घरूनच तोलून आणत चला. विभागाला तराजूची तरतूद नाही.’’